तिसऱ्या फोटोतले टोमॅटो

"रंग काढून टाकायला माझी ना नाही," फोटोचे मास्तर म्हणाले होते, "पण काय काढून टाकते आहेस ते आधी वहीत लिहून ठेव. लाल आणि हिरवं, दोन्ही सारखंच करडं होतं. कधीतरी दगा देईल तुला ते."

कॉलेजात संध्याकाळी चालणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गातली ही गोष्ट. रसायनात बुडवून बुडवून मास्तरांची नखं तपकिरी पडलेली. कृष्णधवल फोटो काढताना ते जवळ एक चौकोनी वही बाळगायचे आणि प्रत्येक फोटोसमोर बारीक अक्षरात लिहायचे: दार निळं, छत्री लाल, कुत्रा बदामी. सगळा वर्ग त्या वहीची टिंगल करायचा. आपल्या गोष्टीतल्या मुलीनेही केली. "मास्तर, आता रंग फाईलमध्ये आपोआप राहतात. वह्या कोण भरत बसणार?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दुसऱ्याच्या फोटोकडे वळले. विषय तिथेच मिटला.

त्याला नऊ वर्षं झाली. मधल्या काळात तिने एका छापखान्यात पानांच्या मांडणीची नोकरी केली, लग्न केलं, आणि दीड वर्षापूर्वी तिला मुलगी झाली. मुलगी एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा घरात तिचं नाव पडलं भिंगरी. आणि गंमत अशी, की भिंगरी आल्यापासून बाईसाहेब स्वतःच वहीवाल्या झाल्या. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, किती चमचे खाल्लं, किती थुंकलं, शिंका किती आल्या. हो, शिंकासुद्धा. पोर गाढ झोपली तरी ही बोट तिच्या नाकापाशी धरून श्वास लागतो का बघायची, आणि त्या बोटानेच पोर जागी व्हायची.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तो म्हणायचा, "आम्ही बारा मजल्यांची लिफ्ट महिन्यातून एकदा तपासतो. आमच्या घरी अडीच फुटांच्या पोरीचं दिवसाला चौदा वेळा सर्व्हिसिंग होतं."

"आणि आजवर एकदा तरी बंद पडली का?" ती विचारायची.

सासूबाईंनीच तिला घराबाहेर काढलं. "आठवड्यातून दोन दुपारी कॅमेरा घेऊन कुठेही जा. नाहीतर ह्या पोरीच्या आधी तूच आजारी पडशील." सासूबाईंनी तीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधण्यात घालवली होती. झाडावरून असो की माणसावरून, त्या काही बोलल्या की पुढे बोलायची सोय नसे. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीन ते पाच ही तिची वेळ ठरली. नगर वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी वरच्या मजल्यावरची एक लांबलचक भिंत तिला फोटोंच्या प्रदर्शनासाठी देऊ केली होती. विषय तिनेच निवडला: शहरातल्या ओस पडलेल्या इमारती. जुनं टपाल कार्यालय, बंद पडलेला पोहण्याचा तलाव, आणि सगळ्यात मोठा म्हणजे बटणांचा कारखाना.

कारखान्याला कुलूप लागून अकरा वर्षं झालेली. त्याच्या मागे कामगारांची राहण्याची जागा, तीन मजली चार इमारती, एकमेकींकडे तोंड करून उभ्या. पहिल्यांदा गेली तेव्हा तिने आधी काठीने जिन्याची एकेक पायरी ठोकून बघितली, खिळे लागलेल्या फळ्या बाजूला केल्या, नवऱ्याला "पोचले" असा निरोप केला, सासूबाईंचा "झोपली" असा निरोप आला, मग कुठे कॅमेरा बाहेर निघाला. कॅमेरा तिने कृष्णधवलवर लावून ठेवला होता. मूळ फाईलमध्ये रंग शाबूत राहायचा, पण पडद्यावर सगळं करडं दिसायचं, आणि तिला तेच हवं होतं. रंग आला की ओस घर ओस वाटत नाही, असं तिचं मत. निळा प्लास्टिकचा डबा दिसला की नजर तिकडेच जाते. रंग गेला की भिंतीचे पोपडे, गंजलेले गज, सगळं एका सुरात बोलायला लागतं.

एका इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मोठी खिडकी होती. तिथून समोरच्या इमारतीची एक गॅलरी बरोबर चौकटीत बसायची. अर्धवट लोटलेलं दार, कठड्यावर माजलेलं झुडूप, आडवी ओढलेली तार. अशी झुडपं तिथे प्रत्येक कठड्यावर उगवलेली होती, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. तिच्या डोक्यात एक कल्पना आली. कॅमेऱ्याच्या तिपाईचे तीन पाय जिथे टेकले तिथे तिने खडूने खुणा केल्या. दहा-अकरा दिवसांनी, असं तीन वेळा, त्याच खुणांवर तिपाई ठेवून, बरोबर चार वाजता तिने तोच फोटो घेतला. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचे, आणि खाली नाव: 'इथे काही हलत नाही'.

कल्पना तिला फार आवडली होती. घरच्या पडद्यावर तिन्ही फोटो लावून बघितले तर खरंच काही हललेलं नव्हतं. तिसऱ्यात झुडपाची पानं जरा उजळ दिसत होती, ते उन्हामुळे असणार.

"रंगीत का नाही करत?" नवऱ्याने विचारलं.

"रंगीत केलं की घर विकायला काढल्यासारखं दिसतं."

"आणि हे कसं दिसतं? घरातलं कुणी गेल्यासारखं."

"तुला त्यातलं कळत नाही."

"लिफ्टमधलं तुला कळतं का? पण बसतेस ना रोज?" असं म्हणून तो भिंगरीला खांद्यावर टाकून निघून गेला. हा वाद त्यांच्यात महिनाभर चालू होता आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती.

तिसरा फोटो मंगळवारी झाला. प्रदर्शन शनिवारी. बुधवारी तिने निवडलेल्या दहा फोटोंच्या फाईली लॅबमध्ये दिल्या, आधी छोटे नमुने काढून द्या म्हणून सांगितलं. गुरुवारी दुपारी लॅबवाल्याने पाकीट घरी पोचवलं. भिंगरी नुकतीच झोपली होती. तिने दाराशीच पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला. सगळे फोटो रंगीत.

तिने लॅबवाल्याला फोन लावला. "अहो, मी ब्लॅक अँड व्हाइट सांगितले होते."

"ताई, तुमच्या फाईलमध्ये रंग होते. माझ्या मशिनने मूळ फाईल उघडली. मला वाटलं चुकून राहिलं असेल."

"चुकून कोण रंग काढतं?"

"चुकून कोण ठेवतं, हे मला कसं कळणार? उद्या दुसरे काढून देतो. पण एक सांगू? ह्यात चांगले आलेत."

तिने फोन ठेवला. रागाने पाकीट जेवणाच्या टेबलावर टाकलं आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली तेव्हा सासूबाई चष्मा लावून तिन्ही नमुने हातात धरून बसल्या होत्या.

"टोमॅटो कुणी लावलेत?" त्यांनी विचारलं.

"कुठले टोमॅटो?"

"हे काय, कठड्यावर. डब्यात लावलेत. चांगलं काठीला बांधलंय, जुन्या चिंधीने. माणसाने बांधलंय, वाऱ्याने नाही."

ती वाकून बघायला लागली. कापलेला निळा प्लास्टिकचा डबा. त्यात काठी. काठीला पिवळ्या चिंधीने बांधलेलं रोप. आणि रोपावर टोमॅटो. महिनाभर जे ती झुडूप म्हणून बघत होती त्यावर पाच टोमॅटो होते, आणि करड्या पानांत करडे टोमॅटो तिच्या डोळ्यांना एकदाही दिसले नव्हते.

"हा पहिला कुठला?" सासूबाई म्हणाल्या. "थांब, मीच सांगते. हा पहिला. दोन लाल, तीन हिरवे. मग हा. ते दोन लाल गेले. तीन हिरवे होते ते आता लाल झालेत, आणि शेंड्याला नवे चार धरलेत. म्हणजे कुणीतरी वेळेवर तोडतंय. पाणीही घालतंय. हाताला चांगलं वळण आहे."

"आणि तिसरा?"

सासूबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला.

तिसऱ्यात सात टोमॅटो होते, सातही लाल. दोन उकललेले. एक गळून कठड्यावर पडला होता आणि त्याची साल सुरकुतली होती. रोप मान टाकून काठीवर लोंबत होतं. आणि तिला उन्हाने उजळ वाटलेली पानं पिवळी पडली होती.

"आठवडाभर तरी पाणी नाही ह्याला," सासूबाई हळू म्हणाल्या. "आणि हा मंगळवारचा फोटो ना? आज गुरुवार."

एरवी तिच्या काळजीची घरात थट्टा व्हायची, आणि थट्टा करण्यात सासूबाई सगळ्यांच्या पुढे असायच्या. आज त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मी पोरीजवळ आहे. तू जा. आणि एकटी वर चढू नकोस."

तिने रिक्षा केली आणि रिक्षातूनच नवऱ्याला फोन लावला. सांगताना तिलाच ते वेड्यासारखं वाटत होतं: कारखान्याच्या मागच्या इमारतीत कुणीतरी राहतंय, आणि त्याला काहीतरी झालंय, हे मला टोमॅटोवरून कळलं.

तो म्हणाला, "टॉर्च आणि पहार घेऊन येतो. वीस मिनिटं. फाटकापाशी थांब." त्याने थट्टा केली नाही ह्याची तिला जास्तच भीती वाटली.

फाटकावर पहारेकरी नवा होता. मंगळवारी फाटक उघडंच होतं आणि ती कुणाला न भेटता आत गेली होती; त्याआधी तिला आत सोडणारा म्हातारा पहारेकरी आज दिसत नव्हता.

"ते गेले," नवा म्हणाला. "मुलीकडे, दुसऱ्या गावी. मला येऊन बारा दिवस झाले."

"मागे कुणी राहतं का?"

"अकरा वर्षं कुणी नाही, मॅडम. मला यादी दिलीय. चारही इमारती रिकाम्या."

"जाताना ते काही सांगून गेले नाहीत?"

"किल्ल्या दिल्या. कुत्र्याला भाकर टाकत जा म्हणाले. आणि काहीतरी सांगत होते, मागे एकदा फेरी मारत जा, वरती हाक मारत जा, असं. मला वाटलं चोरांसाठी." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "मी फेरी मारतो हो. पण खालून."

तेवढ्यात नवरा स्कूटरवरून आला. तिघंही मागच्या इमारतीत शिरली. जिन्यावर तिने सवयीने काठी शोधली, मग सोडून दिली, कारण पायऱ्यांवर मधोमध धुळीत वाट पडलेली होती. रोज कुणी चढून उतरल्याशिवाय अशी वाट पडत नाही. दहा-अकरा दिवसांनी, असं तीनदा ती ह्या इमारतीसमोर उभी राहिली, पण जिना चढली ती समोरचा.

दुसऱ्या मजल्यावर एकच दार असं होतं ज्याची कडी घासून चकचकीत होती. तिने वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं. नवऱ्याने पहार पुढे केली, तिने हाताने अडवली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग एक खणखणीत आवाज:

"दार उघडंच आहे. मला उठता येत नाही, नाहीतर एवढा वेळ वाजवू दिलं असतं का?"

आतली खोली बारा बाय दहाची असेल. भिंतीला लावून फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत बटणं. खिडकीपाशी खाट, आणि खाटेवर सत्तरीच्या पुढची एक बारीकशी म्हातारी, उजवा पाय उशीवर ठेवून बसलेली. घोटा वांग्यासारखा सुजून जांभळा पडला होता. खाटेखाली पाण्याच्या दोन कळश्या, त्यातली एक आडवी. उशाशी बिस्किटांचा पुडा, आत दोन उरलेली.

"जिन्यात पाय घसरला," म्हातारी म्हणाली. "मागच्या बुधवारी. बसत बसत वर आले. त्यानंतर बसलेलीच आहे." मग तिने नीट निरखून बघितलं. "तू फोटोवाली ना?"

"हो. तुम्हाला कसं..."

"तीन वेळा आलीस. समोरच्या जिन्यात. पहिल्या वेळी मी दाराआडून हात केला. तू मान खाली घालून त्या डबीत बघत होतीस. दुसऱ्या वेळी मी हाक मारली, तर तू फोनवर बोलायला लागलीस, झोपली का उठली का, असं काहीतरी. म्हटलं, हिच्या घरी कुणीतरी आजारी दिसतंय. जाऊ दे, कशाला त्रास द्या."

"आणि तिसऱ्या वेळी?" तिने विचारलं.

"मंगळवारी? तिपाई ओढल्याचा आवाज आला मला. ओरडले. पण ह्या घशात आता पूर्वीचा दम नाही. कारखान्यात मशिन चालू असतानासुद्धा माझी हाक पार दुसऱ्या टोकाला जायची."

तिला रडू आलं. नवरा खाली बसून घोटा तपासायला लागला होता, जशी एखादी पुली तपासावी तसा, हलक्या हाताने सगळीकडून. "बोटं हलवा बघू आजी," तो म्हणाला. आजींनी बोटं हलवली. "हाड गेलं असेल असं वाटत नाही. पण डॉक्टरला दाखवायचं."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. लिफ्टवाला."

"मग आधी इथे लिफ्ट बसव. मी पडलेच नसते."

पहारेकऱ्याने आणि नवऱ्याने मिळून आजींना खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रत्येक पायरीला आजी सूचना देत होत्या: डावीकडे घ्या, कठड्याला घासू नका, ही पायरी निखळलेली आहे, मी हिच्यावरूनच पडले, हिला जरा बघून घ्या. ती मागून बिस्किटांचा पुडा, चष्मा आणि आजींनी हट्टाने घ्यायला लावलेली एक बरणी घेऊन उतरत होती. जाताना तिने उरलेल्या कळशीतलं पाणी डब्यात ओतलं. कॅमेरा घरीच राहिला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी बांधून दिलं, तीन आठवडे पायावर भार नको म्हणाले, आणि अंगात पाणी कमी झालंय म्हणून एक बाटली चढवली. आजींना एक भाचा होता, पण तो नवव्या मजल्यावर राहत होता. "त्याच्या घरी खिडक्या उघडत नाहीत," आजी म्हणाल्या. "मी काय लोणचं आहे, बरणीत राहायला?" त्यावर सासूबाईंनी पुढच्या खोलीतली खाट झटकली, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

शनिवारचं प्रदर्शन आठवडाभर पुढे गेलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "भिंत कुठे पळून जात नाही."

त्या आठवड्यात कळलं, की आजींनी बटणांच्या कारखान्यात चौतीस वर्षं रंग जुळवायचं काम केलं होतं. एका सदऱ्याची आठ बटणं एकाच छटेची निघाली पाहिजेत, त्याची जबाबदारी त्यांची. कारखाना बंद पडला, सगळे गेले, ह्या राहिल्या. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला माहीत होतं. तोच आठवड्याचं सामान वर पोचवायचा, आणि जाताना नव्याला सांगूनही गेला होता, पण नव्याच्या कानाला वेगळंच ऐकू आलं.

एका दुपारी भिंगरी आजींच्या खाटेपाशी बसून बरणीतली बटणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होती. तिची आई दर दोन मिनिटांनी येऊन तोंडात एखादं गेलं का बघत होती.

"मोजून दिलीत मी," आजी म्हणाल्या. "चाळीस. संध्याकाळी चाळीस भरली नाहीत तर मग काळजी कर. आत्ता बस."

ती बसली. मग टेबलावरून दोन्ही पाकिटं घेऊन आली, लॅबवाल्याने पहिल्यांदा काढलेले रंगीत नमुने आणि नंतर काढलेले कृष्णधवल. "तुम्ही सांगा. कुठले लावू?"

आजींनी दोन्ही गड्ड्या मांडीवर घेतल्या. खोलीतला दिवा बंद करायला लावला, खाट खिडकीकडे सरकवायला लावली. "दिव्याखाली दोन बटणं सारखी दिसतात आणि उन्हात गेली की भांडतात. म्हणून आम्ही दिवसाच्या उजेडातच जुळवायचो," असं म्हणून त्या एकेक फोटो बघत राहिल्या. पोहण्याच्या तलावाचा कृष्णधवल त्यांना आवडला. टपाल कार्यालयाचा रंगीत त्यांनी नापसंतीने बाजूला सारला. "ह्यातला पिवळा माझ्या डोळ्यात खुपतो." कारखान्याच्या मोठ्या दालनाचा कृष्णधवल त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. "हे चांगलं आहे. इथे आता खरंच कुणी नाही. मला माहीत आहे." मग त्यांनी स्वतःच्या गॅलरीचे तीन उचलले, आधी करडे, मग रंगीत. "ह्यात मी मेलेय," त्या करड्यांवर टिचकी मारून म्हणाल्या, आणि रंगीत पुढे केले. "ह्यात नुसती आजारी आहे. माझं ऐकशील तर हे लाव."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "मी महिनाभर तेच सांगत होतो," तो म्हणाला.

"तू काय सांगत होतास, घर विकल्यासारखं का कुणी गेल्यासारखं, त्यातलं मला काही आठवत नाही," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

पण नुसत्या आजींच्या शब्दावर तिने कृष्णधवल फोटो लावले नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी, कॅमेरा न घेता, ती एकेका इमारतीत परत गेली. टपाल कार्यालयाच्या मागचं दार वाजवलं, वाट बघितली, परत वाजवलं. तलावाच्या कपडे बदलायच्या खोल्या एकेक उघडून बघितल्या. कारखान्याच्या बाकीच्या तीन इमारतींत नवा पहारेकरी तिच्याबरोबर प्रत्येक मजला चढला आणि प्रत्येक दारापाशी एवढ्या जोरात हाक मारायचा की कबुतरं उडायची. कुठे कुणी नव्हतं. मग तिने नवी वही काढली, भिंगरीची नाही, वेगळी. एकेका फोटोचं नाव लिहिलं, त्यातले रंग लिहिले, आणि पुढे तारीख घालून लिहिलं: दार वाजवलं, कुणी नाही. ज्यांच्यापुढे असं लिहिता आलं तेच कृष्णधवल लागले. गॅलरीचे तीन रंगीत.

'इथे काही हलत नाही' हे नाव अर्थातच गेलं. पण त्याच्या जागी काय लिहायचं ते तिला सुचेना. तिने चार वेळा लिहून खोडलं. पाचव्यांदा लिहिलं ते ग्रंथपालबाईंना दाखवलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे फोटोचं नाव नाही. ही सूचना झाली."

"हो."

"एवढी मोठी पट्टी भिंतीवर बरी दिसणार नाही."

"नसू दे," ती म्हणाली. तिला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. नऊ वर्षांपूर्वी अशा ठिकाणी तिने हसून विषय बदलला असता.

बाईंनी खांदे उडवले आणि पट्टी टंकायला दिली.

आजी आता तळमजल्यावर राहतात, फाटकाजवळच्या खोलीत. सगळ्या बरण्या खाली आणायला नवऱ्याला दोन रविवार लागले. पहारेकऱ्याशी त्यांचं रोज सकाळी पाण्यावरून भांडण होतं, आणि ते भांडण ऐकू आलं की शेजारचा चहावाला समजतो, सगळं ठीक आहे. प्रदर्शन अजून पंधरा दिवस आहे. वाचनालयात गेलात तर वरच्या मजल्यावर जा, उजव्या हाताची भिंत. तीन रंगीत फोटोंच्या खाली तिने जे लिहिलंय ते असं:

"तुमच्या रोजच्या वाटेवर एक दार असेल, जे बंद आहे असं तुम्ही धरून चाललात. कुणीतरी होतं तिथे, एवढं तुम्हाला आठवतं. आज परत जाताना ते वाजवा. लगेच उत्तर आलं नाही तर निघून जाऊ नका, थोडं थांबा. काही जणांना उठायला वेळ लागतो."